रुईवालीला मी आग दिली

मी फुशारकी मारते, हे आधीच कबूल करते. शाळेत मी विज्ञान शिकवते आणि रविवारी दुपारी जुन्या भुतांचे सुपरहिरो करते. पहिलं काम कुणीही करील. दुसरं हिंगणघाटात माझ्याशिवाय कुणी करत असेल तर त्याने खुशाल समोर यावं, मी चहा पाजीन.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एकजण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे एकेक सुपरहिरो होतात. प्रत्येक हिरोचं एक पत्रक असतं आणि त्यावर त्याची ताकद, चपळाई, खास शक्ती, कमजोरी असं सगळं आकड्यांत लिहिलेलं असतं. आपण काय करतो ते खेळाडूने बोलायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरतं. नागपूरला वसतिगृहात असताना मी हे शिकले. लग्न होऊन हिंगणघाटला आले तेव्हा माझ्या पेटीतले फासे पाहून नवरा दोन दिवस पाकीट उशाखाली ठेवून झोपला. बायको जुगार खेळते असं त्याला वाटलं होतं. आता तो आमच्या टेबलावरचा सगळ्यात भांडखोर खेळाडू आहे. तिसरी माझ्या शाळेतली गणिताची मैत्रीण आणि चौथा तिचा भाऊ.

विलायती हिरोंचा आम्हाला लवकरच कंटाळा आला. ते मेले सगळे उंच इमारतींवरून उड्या मारणारे. आमच्या गावात उंच म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावरून उडी मारली तर वेना नदीच्या काठावरच्या बाभळीत पडायचं. मला आमच्या मातीतलं कुणीतरी हवं होतं.

अशी भुतं मला रद्दीच्या दुकानात सापडली. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका द्यायला गेले होते, तिथे वजनकाट्याशेजारी भयकथांच्या चित्रपुस्तिकांचा गठ्ठा पडला होता. पातळ, पिवळ्या पडलेल्या, फक्त काळ्या आणि लाल रंगात छापलेल्या. लहानपणी वडनेरच्या बाजारात आमची वांगी लवकर खपली की वडील मला असलीच एखादी पुस्तिका घेऊन द्यायचे आणि मी ती रिकाम्या टोपल्यांत बसून बैलगाडीत वाचायची. मी दुकानातच फतकल मारून बसले. नऊ पुस्तिका होत्या. एकीवरही चित्रकाराचं नाव नव्हतं.

आता भुताचा सुपरहिरो करायचा म्हणजे नुसते आकडे भरायचे असं कुणाला वाटेल. तसं नसतं. भयकथेतल्या भुताला एकच काम असतं, शेवटच्या पानावर येऊन घाबरवणं. हिरोला मात्र पहिल्यापासून हजर राहावं लागतं, चार लोकांशी बोलावं लागतं, मंगळवारी भर दुपारी काय करतोस असं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. त्या पुस्तिकांत कारंज्याच्या हायवेवरचा एक मेलेला क्लीनर होता. तो ढाब्यावर उभ्या असलेल्या ट्रकची फळी ठोकायचा आणि ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं की ड्रायव्हर संपला. त्याला मी असा बदलला की त्याने फळी ठोकली की ट्रक जागच्या जागी थांबतो, मग पुढे दरी असो की झोपलेलं जनावर. एक होता विहिरीतला मास्तर. तो आत डोकावणाऱ्याला एकोणतिसाचा पाढा विचारायचा आणि चुकला त्याला खाली ओढायचा. माझ्या पत्रकावर मास्तरची शक्ती अशी झाली की त्याने प्रश्न विचारला की उत्तर देईपर्यंत समोरच्याला हलता येत नाही. गणिताच्या मैत्रिणीने तो लगेच स्वतःसाठी मागून घेतला.

पण माझा जीव जडला तो रुईवालीवर. जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, कापसाच्या गंजीतून उठणारी बाई. अंगभर रुई, हातांना रुई, केसांत रुई. आणि चित्रात ती नखशिखांत लाल. तिच्या पत्रकावर मी तीन संध्याकाळ घालवल्या. लाल रंग पाहून मी तिला आगीची शक्ती दिली. हातातून ज्वाळा, डोळ्यांतून ठिणग्या, आणि आकडा सगळ्यांत मोठा. मी स्वतःवर फार खूष होते.

त्या रविवारी माझे सासरे चष्म्याची डबी शोधत आमच्या टेबलापाशी आले. सासरे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी आंबा आणि सुरई काढायला शिकवलं आहे. बोलणं मोजकं. आमच्या खेळाकडे ते कधी ढुंकूनही पाहत नसत. पण त्या दिवशी त्यांची नजर रुईवालीच्या पत्रकावर पडली आणि ते तिथेच थांबले.

"हे कोनं केलं?" त्यांनी विचारलं.

"म्या केलं, बाबा. जुन्या पुस्तकातलं भूत आहे."

"जिनच्या गावात राहून रुईच्या बाईले आग देल्ली तुनं?"

खरंच, हिंगणघाटात राहणाऱ्या माणसाने करायची ही चूक नव्हे. इथे जिनच्या फाटकावर काडेपेटी काढून घेतात. लहान मूलसुद्धा कापसाच्या गाडीजवळ फटाका नेत नाही. पण चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी पुस्तिका उघडून दाखवली. "पन बाबा, ते पुरी लाल आहे ना. हात पाहा, केस पाहा. लाल म्हंजे आग."

"लाल म्हंजे शाई," सासरे म्हणाले. "छापखान्यात लग्नपत्रिकेची लाल शाई उरली होती. काळी सोडून दुसरी नव्हती, म्हनून सारं अंग लाल छापलं. ते बाई पांढरी आहे."

नवऱ्याच्या मुठीतले फासे मुठीतच राहिले. मी विचारलं, "तुमाले कसं मालूम, बाबा?"

सासऱ्यांना डबी सापडली. ती खिशात टाकत ते म्हणाले, "आयकलं होतं कुठंतरी," आणि ते आत निघून गेले.

मी विज्ञानाची बाई. मला पुरावा लागतो. आमच्या बैठकीत सासऱ्यांनी तरुणपणी काढलेलं एक चित्र आहे, सुरई धरलेला हात. मी पुस्तिका त्याच्याखाली धरली. त्या हाताचा अंगठा मधल्या पेरापाशी जरा जास्तच बाहेर वाकलेला आहे. रुईवालीचा अंगठाही तसाच. क्लीनरचा तसाच, मास्तरचाही तसाच. नवरा माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्याला जन्मापासून यातलं काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सासऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी ती पुस्तिका ठेवली आणि समोर बसले. त्यांनी आधी चहा संपवला. मग रागावतील असं वाटलं, पण त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. लग्नाआधी तीन वर्षं ते नागपूरच्या एका लहान छापखान्यासाठी ही चित्रं काढत. गोष्टीही त्यांच्याच. नाव छापायची पद्धत नव्हती, तरी गावातल्या मित्रांना ते हौसेने पुस्तिका वाटत. मग ड्रॉइंग मास्तरच्या नोकरीची मुलाखत आली. समोर बसलेल्यांपैकी एकाने रुईवालीची पुस्तिका टेबलावर टाकली आणि विचारलं, असले भुताखेतांचे चाळे करणारा माणूस पोरांना काय शिकवणार, हे तुमचंच आहे का? बाकीचे हसले.

"म्या मनलं, नाही जी," सासरे म्हणाले. "मंग नोकरी लागली."

त्यानंतर त्यांनी एकही भूत काढलं नाही. कुणी विचारलं तर नाही म्हणायचं, असं करता करता विचारणारेच उरले नाहीत.

मला त्यांचा राग आला. खोटं कशाला बोलू, त्या माणसांचा आला त्याहून जास्त यांचा आला. इतकं सुंदर काम करायचं आणि ते माझं नाही म्हणून सांगायचं, तेही आयुष्यभर? मी म्हटलं, "बाबा, मी पत्रकावर तुमचं नाव लिहीन."

"नाई. खेळजो खुशाल, पन माहं नाव कुठंच नको."

मी ऐकलं. पण मनात ठरवलं की या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'माझं आहे' हे ऐकायचंच. मला ते भुतांसाठी हवं होतं की त्यांच्यासाठी, हे आजही नीट सांगता येणार नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घरी मोठी गंमत चालली. सासरे रोज संध्याकाळी टेबलापाशी येत, उभ्यानेच पत्रक वाचत आणि जणू कुण्या तिऱ्हाइताबद्दल बोलत. "ज्यानं काढलं त्यानं क्लीनरले उजव्या हातात टायर खोलाची लोखंडी टामी देल्ली आहे. तुनं डाव्या हातात काऊन लिवली?" मी खोडून पुन्हा लिहायची. "ज्यानं काढलं त्याले मनाचं असंन का मास्तर वाईट नाई, फक्त त्याले एकटं वाटून राह्यलं." मी तेही लिहायची. नवरा तोंडावर वही धरून हसायचा.

रुईवालीचं पत्रक तर त्यांनी पार उलटंपालटं केलं. ज्वाळा गेल्या, ठिणग्या गेल्या. "रुई आवाज खाते," ते म्हणाले. "गंजीमंदी बसून पाहा एकदा, बाहेरचं काईच आयकू येत नाई." म्हणून ती जिथे जाईल तिथला आवाज बंद होतो, बंदूक उडाली तरी. तिला कापसाच्या गाठीसारखं दाबून पट्टीने बांधलं तर ती गप्प पडून राहते, पट्टी सुटली की दुप्पट फुगते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांनी सगळ्यांत शेवटी सांगितली. "गंजी आतून धुमसते, बेटा. वरून पांढरीच दिसते. आग कुठं आहे ते इले सगळ्याइच्या आधी समजते."

मी ते लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तिची कमजोरी आग, आणि तिचं काम आग शोधायचं. जी गोष्ट तिला संपवू शकते तिच्याकडेच ती रोज चालत जाते. अहो, सुपरहिरो म्हणजे आणखी काय असतं? विलायतेतले लोक लाखो खर्चून जे करतात ते माझ्या सासऱ्यांनी लग्नपत्रिकेच्या उरलेल्या शाईत करून ठेवलं होतं. त्या दिवशी मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच शिरा केला.

मग वर्ध्याला एका कॉलेजात अशा खेळांचा दिवस ठरला. जिल्ह्यातले आणि नागपूरकडचे खेळणारे जमणार होते. मी एक टेबल मागून घेतलं. सासरे म्हणाले, मी फक्त पाहायला येतो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि एसटीत खिडकीशी बसून सगळा रस्ता ते बाहेरच पाहत होते.

माझ्या टेबलावर कॉलेजची पाच मुलं-मुली होती. क्लीनर आणि मास्तर मी त्यांना खेळायला दिले, बाकीच्यांनी आपापले हिरो आणले होते. रुईवाली मी कुणालाच दिली नव्हती. ती गोष्टीत मधेच येणार होती आणि ती शत्रू की मित्र हे त्यांनी ओळखायचं होतं. गोष्ट अशी होती की जिनमध्ये वारंवार आगी लागतात आणि लावणारा सापडत नाही. सासरे माझ्या मागच्या खुर्चीवर बसले.

खेळ असा रंगला म्हणून सांगू! मास्तरने पहारेकऱ्याला पाढा विचारून जागीच खिळवला, क्लीनरने पळून जाणारा ट्रक थांबवला. शेजारच्या टेबलावरचे लोक आपला खेळ सोडून आमच्याकडे येऊन उभे राहिले. मग मी रुईवाली आणली. सगळे आवाज बंद झाले असं मी सांगितलं आणि कापसाच्या गंजीतून एक पांढरी बाई उठली असंही सांगितलं. ती धुमसणाऱ्या जागेकडेच हात करून उभी होती. पण मुलांना वाटलं, आग लावणारी हीच. एका मुलीची हिरोईन ज्वाळा फेकणारी होती. ती फासे उचलून म्हणाली, "मी हिला जाळून टाकते."

सूत्रधाराने अशा वेळी गप्प बसायचं असतं. खेळाडूला चुकायचा हक्क असतो. मी नियम पाळला, पण रुईवालीचं पत्रक माझ्याकडे ओढून घेतलं.

"नाई, नाई. थांबा," मागून आवाज आला. सासरे उभे होते. "ते तशी नाई आहे. ते आग लावत नाई, दाखवून राह्यली."

मुलगी नम्रपणेच म्हणाली, "काका, तुम्ही खेळात नाही आहात ना. आणि तुम्हाला कसं माहीत?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकावं असं त्यांना वाटत असणार. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मी दोन्ही हात मांडीवर ठेवून पत्रकाकडे बघत राहिले. आता हे 'आयकलं होतं कुठंतरी' म्हणतील आणि खाली बसतील, अशी माझी जवळजवळ खात्री होती, आणि तसं झालं असतं तर मी त्यांना कधी माफ केलं नसतं.

"म्या काढली ते," सासरे म्हणाले. मग घसा खाकरून, वर्गात बोलायच्या मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाले, "हे तिन्ही म्या काढले. मले नाई मालूम तं कोनाले मालूम?"

मुलीने फासे खाली ठेवले. पुढचा अर्धा तास खेळ झालाच नाही. सगळे सासऱ्यांभोवती. पुस्तिका हातोहात फिरल्या. मास्तरच्या विहिरीला पायऱ्या का नाहीत, क्लीनरचं तोंड कधीच का दिसत नाही, एकेक प्रश्न, आणि सासऱ्यांकडे सगळ्यांची उत्तरं तयार. वर स्वतःहून चुका दाखवत होते. "हा पाय चुकला आहे. इथं सावली उलटी पडली. घाईत काढलं होतं." कुणी लाल रंगाची तारीफ केली तेव्हा शाईची गोष्ट सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. मी बाजूला उभी राहून भेटेल त्याला सांगत होते, माझे सासरे आहेत, माझे.

परतीच्या एसटीत हिंगणघाट जवळ आल्यावर सासरे म्हणाले, "रुईवालीचं तोंड माह्या मायचं आहे."

मला माहीत होतं की त्यांची आई जिनमध्ये कामाला जायची. याहून जास्त मला काही माहीत नव्हतं.

"संध्याकाळी घरी ये तं केसाले, भिवयाले रुई लागलेली असे. तशीच काढली म्या. तिले वाचता येत नव्हतं. पन थे पुस्तक ते पदराखाली घेऊन जिनमंदी जाये अन् बायाइले दाखवे. माह्या पोरानं मले छापलं मने." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मुलाखतीहून आलो अन् तिले मनलं, माय, आता हे कोनाले दाखवजो नको. तिनं काऊन मनून नाई इचारलं. मंग कधीच नाई दाखवलं."

बसस्टँड येईपर्यंत मी पुस्तिका उघडून ते तोंड पाहत होते.

बसस्टँडवरून आम्ही चालत आलो. गल्लीत शेजारचे निवृत्त तलाठी ओट्यावर बसले होते. तीस वर्षांचा शेजार. रोजच्यासारखं त्यांनी विचारलं, "कुठून येऊन राह्यले, मास्तर?"

"वर्धेले गेलतो. माह्या भुताइचा खेळ होता तिथं."

तलाठ्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कायचा खेळ?"

सासरे आमच्या दाराकडे न वळता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून रुईवालीची पुस्तिका काढून दिली. त्यांनी ती मांडीवर उघडली, पान सपाट केलं आणि तलाठ्यांपुढे धरली.

"हे पाहा," ते म्हणाले. "हे माही माय. म्या काढली."